बहात्तर पौंड

दर महिन्याच्या तीन तारखेला
जोएल पिकरिंगच्या कचेरीतून एक ओळ येते:
भाडं जमा, सहाशे. वजा बहात्तर.
बहात्तर पौंडांत काय मिळतं?
जोएल म्हणतो, मनःशांती.
त्याचे बूट टोकदार आहेत
आणि ग्रिम्सबीच्या चिखलाशी त्यांची ओळख नाही.

आधी मीच बघायचे सगळं.
पान्हा, वायसर, फ्यूज, बॉयलरचा हेकट स्वभाव,
रात्री साडेअकराला फोन:
इनिड, भिंतीतून पुन्हा तो आवाज येतोय.
गाऊनवर कोट चढवून निघायचे मी.
आवाज म्हणजे सीगलचं पिल्लू,
धुरांड्यात अडकलेलं, माझ्यावरच चिडलेलं.
घर पाहावं बांधून म्हणतात.
बांधणं सोपं असेल हो,
भाड्याने देऊन पाहावं.

तरी हे सगळं जमायचं.
जमलं नाही ते ऑसवल्ड टेनीकडे पैसे मागणं.

जानेवारीत त्याचं माशांच्या गोदामातलं काम सुटलं.
फेब्रुवारीत मी भाडं मागायला गेले
आणि वाटाण्याचं सूप देऊन आले.
मार्चमध्ये भांडं आणायच्या निमित्ताने गेले.
भांडं त्याने घासून लख्ख केलं होतं,
आत दोन अंडी ठेवली होती.
आम्ही वाऱ्यावर बोललो, भरतीवर,
मग पुन्हा वाऱ्यावर.
भीड भिकेची बहीण;
माझ्याकडे दोघी एकाच गाडीने उतरल्या.
एप्रिलात मी वकिलाकरवी पत्र धाडलं.
चार ओळींचं. मी ते वाचलंही नाही नीट,
नुसती सही केली.

तो गेला तेव्हा किल्ली पाकिटात घालून
माझ्या दाराच्या फटीतून टाकून गेला.
पाकिटावर लिहिलं होतं: घरमालक.

त्यानंतर जोएल.
जोएल मागू शकतो, कारण घर त्याचं नाही.
आणि मी झोपू शकते, कारण मागताना मी तिथे नसते.
शंभरातले बारा
हा त्या मधल्या अंतराचा दर.
स्वस्त आहे, असंच म्हणत होते मी
परवापर्यंत.

सहा महिन्यांनी अहवाल येतो, फोटोंसकट.
जिना, समाधानकारक. न्हाणीघर, समाधानकारक.
खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत
शेपूची कोवळी रोपं, उन्हाकडे मान वळवून;
खाली तोच शब्द.
शेवटी: स्वयंपाकघरातला नळ, दुरुस्ती, एकशे चाळीस.

एकशे चाळीस!
अकरा वर्षं तो नळ मी
चिल्लरीतल्या वायसरवर चालवला.

परवा गेले. आत नाही;
आत जायचं तर जोएलला सांगून,
त्याने त्यांना लेखी कळवून, चोवीस तास थांबून.
समोरच्या बसथांब्यावर बसले,
पिशवीत कराराच्या नूतनीकरणाचे कागद,
सही बाकी.
माझ्याच घराकडे चोरासारखी बघत.

दार उघडलं. ती आली, माझ्याशेजारी बसली.
ऑड्रोने असणार; करारात नाव आहे,
आडनाव माझ्या जिभेला वळत नाही.
हातांना हॅडॉकचा वास, पायात रबरी बूट.
थंडी आहे, मी म्हणाले.
आत जास्त आहे, ती हसली.
नळ दुरुस्त केला म्हणतात, रात्रभर टिपटिप चालूच.
मालकाला सांगायचं, मी म्हणाले.
माझा आवाज मलाच ओळखू येईना.

मालक? ती म्हणाली. मालक म्हणजे कंपनी असेल कुठली तरी.
लंडनला.

आता गप्प बसायचं होतं.
त्यासाठीच तर महिन्याला बहात्तर मोजते मी.
पण हात आपोआप उठला, हवेतच मूठ वळली:
नळ पूर्ण बंद करू नका,
पाव फेरा मागे घ्या,
मग डावीकडून एक चापट. हलकीच.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग त्या दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे.
तुम्हाला कसं

बस आली.
माझी नव्हती.
मी चढले.